ऑफिसातला आकडा दोन गाड्या मागे: क्यूटच्या सॉकेटचं परत परत उलटणारं दुखणं

"प्रोग्रॅम बंद करून चालू केला की बरोबर होतं, साहेब."

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा क्लार्क हे वाक्य एका गळीत हंगामात मला इतक्या वेळा म्हणाला, की फोन वाजला की मीच आधी विचारायचो, "बंद करून चालू केला का?" रीस्टार्टने बरं होणारं दुखणं गेलेलं नसतं, फक्त दबलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण हंगामात यार्डात गाड्यांची रांग लागलेली असताना 'थांबा, मूळ शोधतो' असं सांगायची सोय नसते. मूळ सापडेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. हाच गुंता आणखी तिघांच्या कोडमध्ये पाहिल्यावर ठरवलं, की एकदा सगळं लिहून टाकावं.

मांडणी साधी आहे. काट्याच्या खोलीत विंडोजवर चालणारं एक डेस्कटॉप ॲप, सी प्लस प्लस भाषेत, क्यूट (Qt) ही तयार कोडची लायब्ररी वापरून लिहिलेलं. इंडिकेटरचा, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याचा आकडा सीरियल पोर्टवरून घ्यायचा, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, स्लिप छापायची. पाच वर्षं ते एकट्या मशीनवर बिनबोभाट चाललं. मग शेतकी ऑफिसला तेच आकडे त्यांच्या टेबलावर हवे झाले. म्हणजे नेटवर्क. क्यूटमध्ये त्यासाठी तयार वर्ग आहेत: ऐकणाऱ्या बाजूला 'क्यूटीसीपीसर्व्हर', दोन्हीकडे बोलायला 'क्यूटीसीपीसॉकेट' (सॉकेट म्हणजे जोडणीचं आपल्याकडचं टोक). ऑफिसचं मशीन सर्व्हर, म्हणजे ऐकत बसणारं; काटा क्लायंट, म्हणजे जोडायला जाणारा. काट्यावरून दोन प्रकारचे निरोप जायचे. एक, इंडिकेटरवरचा चालू आकडा, सेकंदाला पाच वेळा. दुसरा, गाडी पक्की झाली की स्लिप: शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर, वजन. दोन्ही जेसॉन, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा साधा मजकूर. अर्ध्या दिवसात काम झालं, माझ्या टेबलावर दोन दिवस सुरळीत चाललं, आणि मी खूश होऊन ते काट्यावर बसवून आलो.

तक्रारी यायला आठवडा लागला. कधी एखादी स्लिप ऑफिसात पोचतच नाही. कधी नावात मधेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कधी ऑफिसच्या पडद्यावरचा आकडा काट्याच्या मागे पडतो, आधी सेकंदभर, संध्याकाळपर्यंत दोन गाड्या. आणि वीज जाऊन आली की काट्याला ऑफिस 'दुसरं कोणीतरी जोडलेलं आहे' म्हणून दारातूनच परत पाठवतं. मला ही चार वेगवेगळी दुखणी वाटली. पहिली तीन तर एकाच गैरसमजाची पोरं निघाली.

आधी केलेले चुकीचे उपाय

हे मुद्दाम लिहितोय, कारण मदत मागणारा माणूस बहुतेक वेळा यातलं एक तरी करून आलेला असतो.

ऑफिसच्या लॉगमध्ये जेसॉन वाचताना त्रुटी दिसायची: दस्तऐवज संपल्यावर पुढे कचरा आहे. नीट पाहिलं तर तो कचरा म्हणजे पुढचाच निरोप होता. दोन निरोप एकमेकांना चिकटून आलेले, आणि माझा कोड दोन्ही फेकून देत होता. एक चालू आकडा गेला तर कोणी रडत नाही, पण त्याला चिकटून स्लिप गेली की शेतकी ऑफिसच्या रजिस्टरात गाडीच नाही.

मी काय केलं? प्रत्येक निरोपानंतर ५० मिलिसेकंद थांबवलं. तक्रारी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग 'फ्लश' घातलं. त्याने काहीच फरक पडत नाही. फ्लश क्यूटच्या बफरमधला (तात्पुरत्या साठ्यातला) माल ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतं, तिथून पुढे तो कसा जायचा हे त्याच्या हातात नसतं. मग कुठेतरी वाचून 'लोडिले' हा पर्याय चालू केला, म्हणजे नेगलचा अल्गोरिदम बंद. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवलेली ती युक्ती आहे, बारीकसारीक पॅकेटांची गर्दी टाळण्यासाठी छोटे तुकडे एकत्र करून पाठवण्याची. चिकटलेले निरोप पाहिले की सगळे बोट त्याच्याकडे दाखवतात. तो बंद केला तरी निरोप चिकटतात, कारण चिकटण्याची जागा पाठवणाऱ्याकडेच असते असं नाही. माझ्याकडे तर ती घेणाऱ्याकडे होती: ऑफिसचा माणूस महिन्याचा रिपोर्ट उघडायचा, तेवढा वेळ त्या मशीनवर प्रोग्रॅमचा इव्हेंट लूप (क्लिक, नेटवर्क अशा घटना एकेक करून हाताळणारं चक्र) अडकायचा, आणि सेकंदाला पाच या हिशेबाने निरोप बफरमध्ये साचायचे. रिपोर्ट उघडला की 'रेडीरीड' सिग्नल (क्यूटची 'माल आला' ही सूचना) यायचा आणि माझं 'रीडऑल' सगळा गठ्ठा एकदम उचलायचं.

पाटाचं पाणी

नेटवर्कवर दोन मशीनमधला माल ज्या नियमांनी वाहतो ते टीसीपी म्हणजे टपाल नव्हे. तुम्ही 'राइट' दहा वेळा केलं म्हणून पलीकडे दहा पाकिटं पडत नाहीत. टीसीपी म्हणजे पाट. वरच्या अंगाला दहा घागरी ओतल्या, तर खालच्या वाफ्यात पाणी येतं, घागरी येत नाहीत. पाणी क्रमाने येईल, मधे गळणार नाही, दोनदा येणार नाही, एवढीच हमी आहे. कोणतं पाणी कुठल्या घागरीतलं, हे पाटाला माहीत नसतं. १९८१ च्या मूळ टीसीपी तपशिलातही निरोपाच्या सीमेला जागा नाही, आणि २०२२ मध्ये तो नव्याने लिहिला गेला तेव्हाही ती आली नाही. आपण विसरतो इतकंच.

हे उलट्या दिशेनेही लागू आहे. दोन निरोप चिकटतात तसा एक निरोप तुटतोही. साध्या इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १,५०० बाइट मावतात, त्यातून आयपी आणि टीसीपीची शीर्षकं वजा केली की साधारण १,४६० उरतात. माझी स्लिप तीनचारशे बाइटची, म्हणून ती सहसा अखंड पोचायची. मग कारखान्याने स्लिपसोबत गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो मागितला. चाळीस पन्नास हजार बाइट. त्या दिवसापासून रोज मोडायला लागलं, आणि मी आठवडाभर कॅमेऱ्याच्या कोडमध्ये खड्डे खणत बसलो.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. त्याच प्रोग्रॅममध्ये सीरियल पोर्टचा कोड मीच लिहिलेला होता. इंडिकेटर प्रत्येक आकड्याच्या आधी सुरुवातीची खूण पाठवतो, शेवटी अखेरची खूण पाठवतो, आणि माझा कोड खुणेपासून खुणेपर्यंत निमूटपणे गोळा करायचा. तारेवरून तुकड्यातुकड्यांनी येतं हे मला तिथे माहीत होतं. नेटवर्कवर आलो आणि तेच ज्ञान घरी विसरलो, कारण माझ्या टेबलावर दोन्ही प्रोग्रॅम एकाच मशीनवर चालत होते आणि तिथे सगळं अखंडच दिसत होतं.

लांबी आधी, की ओळ शेवटी

सीमा आपणच घालायची, आणि त्याच्या दोन सरळ रीती आहेत. निरोपाआधी त्याची लांबी चार बाइटमध्ये पाठवा, किंवा निरोपाच्या शेवटी नवीन ओळीचा बाइट टाका.

मी आधी लांबीवाली रीत धरली, कारण ती जास्त 'प्रोफेशनल' वाटते. आणि लगेच नवा खड्डा. टेस्टिंगला मी 'टेस्ट पाटील' हे नाव इंग्रजी अक्षरांत टाकत होतो, सगळं झकास. काट्यावर 'ज्ञानेश्वर' आला आणि ऑफिस गप्प.

कारण असं. 'ज्ञानेश्वर' आपण चार अक्षरं म्हणून वाचतो. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. 'क्यूस्ट्रिंग'ला, म्हणजे क्यूटच्या मजकूर ठेवणाऱ्या वर्गाला, लांबी विचारली की ती १० सांगते. पण तारेवर जातं ते यूटीएफ-८ (युनिकोडची चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याची रीत), आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ३०. मी लांबी स्ट्रिंगची पाठवत होतो आणि मजकूर बाइटचा. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून तिथे दोन्ही आकडे जुळायचे. मराठी नाव आलं की घेणारा निरोप अर्ध्यात तोडायचा आणि नावाच्या पोटातले पुढचे चार बाइट 'पुढच्या निरोपाची लांबी' म्हणून वाचायचा. देवनागरी चिन्हाचे पहिले दोन बाइट हेक्समध्ये ई०, ए४ किंवा ई०, ए५ असे असतात. चार बाइटचा आकडा त्यांनी सुरू झाला तर तो ३७६ कोटींच्या पुढे जातो. घेणारा बिचारा पावणेचार अब्ज बाइटची वाट बघत बसायचा. त्रुटी नाही, इशारा नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. रीस्टार्ट केलं की ठीक, पुढचं मराठी नाव येईपर्यंत.

म्हणून नियम: आधी 'टूयूटीएफएट' करून 'क्यूबाइटॅरे', म्हणजे नुसत्या बाइटची रांग, हातात घ्या, लांबी त्याची मोजा, आणि तोच पाठवा. स्ट्रिंगची लांबी तारेच्या जवळपासही फिरकू देऊ नका. घेणाऱ्या बाजूलाही हेच: आलेले तुकडे बाइट म्हणूनच साठवा, आणि निरोप पूर्ण झाल्यावरच त्याची स्ट्रिंग करा. मी प्रत्येक तुकड्याची लगेच स्ट्रिंग करून मागच्याला जोडत होतो. तुकडा तीन बाइटच्या मधे तुटला की त्या चिन्हाच्या जागी ते काळं प्रश्नचिन्ह. नावातल्या चौकटींचं कोडं तेच होतं. आमच्या लोकांनी फॉन्टला दोष देऊन दोन वेगवेगळे फॉन्ट बसवून पाहिले होते.

लांबीवाल्या रीतीत आणखी एक पथ्य आहे: कमाल मर्यादा. एकदा ऑफिसातल्या कोणीतरी तो आयपी पत्ता आणि पोर्ट ब्राउझरमध्ये टाकून बघितला. ब्राउझर 'गेट' आणि एक मोकळी जागा असे चार बाइट पहिले पाठवतो. ते लांबी म्हणून वाचले की १,१९,५७,२५,८५६ होतात. तुमच्या लॉगमध्ये हा आकडा दिसला तर दचकू नका, कोणीतरी ब्राउझर उघडलाय. तुमचा सगळ्यात मोठा निरोप दोन लाख बाइटचा असेल, तर दहा लाखांच्या वरची लांबी दिसताक्षणी जोडणी तोडा.

शेवटी मी ओळीवर आलो, आणि माझं मत विचाराल तर छोट्या ॲपला ओळच बरी. जेसॉन 'कॉम्पॅक्ट' रूपात लिहिलं की त्यात खरी नवी ओळ येतच नाही, मजकुरातली असली तर ती उलट्या तिरक्या रेघेने लपवली जाते. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटच्या चिन्हात नव्या ओळीचा बाइट कधीच सापडत नाही, त्यामुळे मराठीचीही भीती नाही. क्यूटमध्ये 'कॅनरीडलाइन' आणि 'रीडलाइन' तयार आहेत, स्वतःचा बफरही सांभाळावा लागत नाही. फोटो बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत लिहून घातला तर तो एक तृतीयांशाने फुगतो. आतल्या नेटवर्कवर त्याचं ओझं कुणाला? आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे अडचण आली की साध्या टर्मिनलमधून जोडून निरोप डोळ्यांनी वाचता येतो. इथेही मर्यादा हवीच: ओळ पूर्ण नाही आणि बफरमध्ये दहा लाखांवर बाइट साचलेत, तर तोडा. क्यूटच्या सॉकेटच्या वाचन बफरला मुळात कमाल मर्यादा नसते. तुम्ही ती स्वतः घातलीत, तर ती सगळ्यात लांब ओळीपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर ओळ कधीच पूर्ण होणार नाही.

दोन्ही टोकांना क्यूटच असेल तर 'क्यूडेटास्ट्रीम'चा पर्याय आहे. ५.७ आवृत्तीपासून त्यात व्यवहार आले: 'स्टार्टट्रान्झॅक्शन', हवं ते वाचा, 'कमिटट्रान्झॅक्शन', माल अपुरा असेल तर वाचलेलं परत जागेवर ठेवलं जातं. फक्त दोन्हीकडे 'सेटव्हर्जन' एकच द्या. उद्या कोणी पायथनमधून जोडायचं म्हणालं तर मात्र पंचाईत.

'इफ' नव्हे, 'व्हाइल'

ओळीवर आलो तरी आकडा मागे पडायचा थांबेना. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि चूक एका शब्दाची निघाली.

'रेडीरीड' हा सिग्नल 'नवा माल आला' एवढंच सांगतो. किती निरोप आले, हे सांगत नाही. माझ्या स्लॉटमध्ये (सिग्नल आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) होतं: जर ओळ वाचता येत असेल, तर एक ओळ वाच. ऑफिसच्या माणसाने रिपोर्ट उघडला, तीन सेकंद गेले, पंधरा ओळी साचल्या. सिग्नल आला एकदा. मी एक ओळ वाचली. उरल्या चौदा. पुढच्या सिग्नलला एक नवी आली, एक जुनी वाचली. चौदा त्या चौदाच. पुढचा रिपोर्ट, आणखी चौदा. दिवसभरात वीस पंचवीस रिपोर्ट उघडले जायचे, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर दोन गाड्यांपूर्वीचं वजन. बंद करून चालू केलं की बफर रिकामा, म्हणून 'बरोबर होतं'.

'जर' च्या जागी 'जोपर्यंत' केलं, आणि तीन महिन्यांची तक्रार गेली.

त्याच स्लॉटमध्ये 'वेटफॉररेडीरीड' बोलावू नका, आणि मोडल डायलॉग उघडून इव्हेंट लूप पुन्हा फिरवू नका. स्लॉट चालू असताना तो सिग्नल पुन्हा सोडला जात नाही, हे क्यूटच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे. 'वजन मर्यादेपेक्षा जास्त' अशी सूचनापेटी थेट तिथूनच दाखवली, तर माणूस 'ओके' दाबेपर्यंत पुढचं सगळं ठप्प. मी दाखवली होती.

जोडलेला दिसतो, पण पलीकडे कोणी नाही

चौथं दुखणं वेगळं होतं. काट्याच्या खोलीतली वीज गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, मशीन धाडकन बंद. बंद होताना ते ऑफिसला 'येतो' म्हणून सांगू शकत नाही. ऑफिसचं सॉकेट फक्त ऐकत असतं, स्वतः काही पाठवत नाही. त्याला पलीकडचा गेला हे कळायला मार्गच नाही. अवस्था विचारली तर 'कनेक्टेड'. टीसीपीचं स्वतःचं 'कीपअलाइव्ह' असतं, पण ते मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे पहिली विचारपूस ठरीव मूल्याने दोन तासांनी होते. काटा दहा मिनिटांत उठून परत जोडायला जायचा, आणि माझा सर्व्हर 'एका वेळी एकच काटा' या नियमाने त्याला नाकारायचा, कारण जुनं भूत अजून खुर्चीत बसलेलं.

दोन बदल केले. पहिला: प्रत्येक काटा जोडल्यावर पहिली ओळ म्हणून आपली ओळख पाठवतो. तीच ओळख पुन्हा आली, तर नव्याला नाकारायचं नाही, जुन्याला उठवायचं. दुसरा: ठोका, म्हणजे 'मी जिवंत आहे' ही ठरावीक वेळाने येणारी खूण. आमच्याकडे चालू आकडा सेकंदाला पाच वेळा येतोच, तोच ठोका धरला. दहा सेकंद काही आलं नाही तर जोडणी मेली. उलट दिशेला ऑफिसही दर पाच सेकंदांनी एक छोटी ओळ पाठवतं. अशी मेलेली जोडणी तोडताना 'अबॉर्ट' वापरा. 'डिस्कनेक्टफ्रॉमहोस्ट' शिल्लक माल जाईपर्यंत थांबतं, आणि मेलेल्याकडे माल जाणार कसा?

पोच

इथे थोडं रेंगाळतो, कारण पैशाचा मामला आहे. उसाच्या वजनावर शेतकऱ्याचं बिल बनतं.

'राइट' ने बाइटची संख्या परत दिली म्हणजे स्लिप पोचली, असं मला वाटायचं. त्याचा अर्थ फक्त 'माझ्या बफरमध्ये ठेवली' एवढाच. 'बाइट्सरिटन' सिग्नल आला, तरी माल ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेला, इतकंच. आणि टीसीपीच्या पातळीवर पलीकडून पोच आली, तरी ती पलीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिमची. रजिस्टरात नोंद झाली का, हे ती सांगत नाही. लिनक्सवर तर ठरीव मांडणीत पलीकडचा गायब झाल्यावर पाठवणारा साधारण पंधरा मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, आणि तेवढा वेळ तुमचं प्रत्येक 'राइट' यशस्वीच दिसतं.

म्हणून पोचपावती आपल्याच पातळीवर हवी. काट्यावर प्रत्येक स्लिप आधी स्थानिक एसक्यूलाइटमध्ये (त्याच मशीनवरच्या छोट्या डेटाबेसमध्ये) 'पाठवायची' म्हणून लिहितो, मग पाठवतो. ऑफिस ती आपल्या डेटाबेसमध्ये टाकतं आणि त्यानंतर त्याच स्लिप क्रमांकाची पोच परत करतं. पोच आली की काट्यावर 'पोचली'. जोडणी तुटून पुन्हा जुळली की न पोचलेल्या सगळ्या क्रमाने परत जातात. यात एक फट राहते: ऑफिसने नोंद केली आणि पोच निघायच्या आत जोडणी तुटली. मग तीच स्लिप दुसऱ्यांदा येईल. त्यासाठी ऑफिसच्या तक्त्यात स्लिप क्रमांक एकमेव ठेवा. पुन्हा आली तर नोंद करायची नाही, पण पोच मात्र द्यायचीच. पोच द्यायला विसरलात, तर काटा तीच स्लिप हंगाम संपेपर्यंत पाठवत राहील. चालू आकड्याला यातलं काहीच नको. तो शिळा झाला की कचरा, जोडणी नसताना साठवूही नका.

एकच पोच तीनदा

पुन्हा जोडण्याचा कोड लिहिला आणि नवं सोंग आलं: वीज एकदा गेली की प्रत्येक पोच दोनदा हाताळली जाते, दोनदा गेली की तीनदा. सॉकेट तेच वापरत होतो आणि सिग्नल-स्लॉट जोडण्याच्या ओळी 'जोडा' या फंक्शनमध्येच होत्या. प्रत्येक वेळी जोडलं की एक तार जास्त. त्या ओळी कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू बनताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये) हलवा, किंवा दर वेळी नवं सॉकेट बनवून जुन्याला 'डिलीटलेटर' सांगा. 'युनिककनेक्शन'चा पर्याय आहे, पण तो लॅम्डाला (जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनला) लागू पडत नाही. जुनं सॉकेट त्याच्याच स्लॉटमध्ये थेट 'डिलीट' करू नका, ॲप कोसळतं, तेही लगेच नाही, भलत्याच वेळी. आणि स्वतःचा बफर सांभाळत असाल तर जोडणी तुटताच तो रिकामा करा. मागच्या जोडणीचा अर्धा निरोप नव्या जोडणीच्या पहिल्या निरोपाला चिकटला तर पुन्हा सगळं तेच.

खिडकी गोठते

'वेटफॉरकनेक्टेड' मुख्य थ्रेडमध्ये (खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यात) बोलावलं की पलीकडचं मशीन बंद असताना ते ३० सेकंदांपर्यंत थांबू शकतं. विंडोज पाच सेकंदांतच शीर्षकात 'प्रतिसाद देत नाही' दाखवतं, आणि क्लार्क एक्सवर क्लिक करून ॲप मारून टाकतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय या 'वेटफॉर' मंडळींतली काही विंडोजवर मधूनच अपयशी ठरू शकतात, असं क्यूटचे कर्तेच सांगतात. सिग्नल वापरा. एवढ्या कामाला वेगळा थ्रेडही लागत नाही. लागलाच तर सॉकेट त्या थ्रेडमध्येच जन्माला घाला. कामगार वर्गाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पालक न देता बनवलेलं सॉकेट 'मूव्हटूथ्रेड' केल्यावर जुन्याच थ्रेडमध्ये मागे राहतं, आणि मग 'सॉकेट नोटिफायर दुसऱ्या थ्रेडमधून चालू-बंद करता येत नाही' अशा अर्थाचे इशारे सुरू होतात.

मुळात जोडणीच होत नसेल तर

हे पटकन. 'कनेक्शन नाकारलं' आलं तर मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: प्रोग्रॅम बंद आहे, पोर्ट चुकलाय, किंवा सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनपुरता) ऐकतोय, 'एनी'वर (सगळ्या पत्त्यांवर) नाही. नुसताच वेळ संपला, तर आयपी बदललाय किंवा फायरवॉल गिळतेय. राउटर बदलला की विंडोज नव्या नेटवर्कला 'सार्वजनिक' धरू शकतं आणि काल चालणारं आज बंद पडतं; आमच्याकडे हे दोनदा झालं. सर्व्हर मशीनला पक्का आयपी द्या. 'एररऑकर्ड' सिग्नल ५.१५ पासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीत त्याचं नाव नुसतं 'एरर' होतं. कुठलाही असो, त्याचा मजकूर लॉगमध्ये लिहा.

घरीच मोडून बघा

एकाच मशीनवर दोन खिडक्या उघडून केलेली चाचणी ही चाचणी नव्हे. मी आता निरोप तोडण्याचा भाग सॉकेटपासून वेगळा ठेवतो: एक छोटा वर्ग, त्यात बाइट टाकायचे, त्यातून पूर्ण निरोप बाहेर. त्याला नेटवर्क लागत नाही. मग त्याला चार प्रकारे खाऊ घालतो. एकेक बाइट. सगळा माल एकदम. प्रत्येक वेळी सात बाइट, म्हणजे देवनागरी चिन्ह हमखास मधे तुटतं. आणि अडीच निरोप, मग उरलेला अर्धा. चारही वेळा बाहेर पडणारे निरोप तंतोतंत तेच हवेत. चाचणीतली नावं मराठीच ठेवतो: ज्ञानेश्वर, कृष्णा, लक्ष्मी, आणि एक मुद्दाम 'श्रीक्षेत्र' असलेलं गाव.

त्यानंतर दोन खरी मशीन घेऊन मधल्या स्विचची वायर उपटायची. मशीनची नाही; ती उपटली तर ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच कळतं आणि परीक्षा सोपी होते. दोन मशीनना दोन स्विच, आणि त्या दोघांना जोडणारी वायर. उपटली की दहा सेकंदांत दोन्हीकडे लाल दिवा दिसला पाहिजे, या काळात केलेल्या पाच स्लिपा काट्यावर थांबून राहिल्या पाहिजेत, आणि वायर परत लावली की ऑफिसात पाचच यायला हव्यात. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे चार आल्या होत्या. पाचवी मी 'पाठवायची' असं लिहिण्याआधीच पाठवत होतो.